सगळी गल्ली कुरळी

माझ्या बहिणीला पर्मिंगचा तिटकारा होता, हे आधी सांगून ठेवते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. चांगल्या सरळ केसांना रोलर गुंडाळायचे, त्यावर नाकात झणझणणारं औषध ओतायचं आणि कुरळे करून घरी पाठवायचं, याला ती "धडधाकट केसांना दिलेली शिक्षा" म्हणायची. कोणी हौसेने मागायला आलीच, तर ताई तिला खुर्चीत बसवायची, आरशातून तिच्याकडे बघायची आणि विचारायची, "का गं, घरी काही बिनसलंय का?" दहातल्या नऊजणी नुसती टोकं कापून घेऊन निमूट परत जायच्या.

आणि याच बाईने एका वर्षात आमच्या गल्लीतल्या एकतीस बायका कुरळ्या केल्या. एकतीस! बँकेतली कॅशियर, औषधांच्या दुकानातल्या दोघी जावा, वाचनालयातली चष्मेवाली, दातांच्या डॉक्टरची आई. सकाळी बसच्या थांब्यावर रांग लागली की पाठमोरी कोण कुठली ते ओळखू यायचं नाही. बत्तिसावी मी. मला तर तिने विचारलंसुद्धा नाही. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, "बस इथे" म्हणाली आणि रोलर लावायला घेतले. पुढचे पाच महिने माझा नवरा मला फ्लॉवरचा गड्डा म्हणत होता.

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. साठीला दोन वर्षं कमी होती, म्हटलं, होतं असं काहींचं. खरं कारण समोर होतं आणि मला दिसलं नाही. मला अजून स्वतःचा राग येतो, आणि राग ही माझ्याकडे भरपूर असलेली वस्तू आहे, हे लवकरच कळेल.

आमचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराजवळची खुर्ची ताईची, आतली माझी. समोर भिंतभर एकच आरसा. मागे डोकं धुवायचं बेसिन आणि त्याच्यावर एक खिडकी. तीस वर्षं आम्ही दोघी बहिणी एकमेकींशी आरशातूनच बोलतोय. हात कुणाच्या तरी केसांत गुंतलेले, मान वळवायला फुरसत कुणाला? चौकशा आरशात, भांडणं आरशात, रुसवेही आरशातच. घरी समोरासमोर बसलो की आम्हाला धड बोलता येत नाही. सणसणीत काही सुनावायचं असेल तर मी दुसऱ्या दिवशी दुकान उघडेपर्यंत थांबते.

ताईची काम करायची एक पद्धत आहे. "किती कापू?" असं ती कधी विचारत नाही. ती म्हणते, किती विचारलं की बाई दोन बोटं दाखवते, आणि प्रत्येकीची दोन बोटं वेगळी असतात. ती विचारते, "तुला काय हवंय? सकाळी केसांपाशी किती वेळ असतो तुझ्याकडे?" मग कुणी सांगते, की मुलांचे डबे करून मला अंबाडा घालायला जेमतेम एक मिनिट मिळतं. कुणी सांगते, की माझं कपाळ मोठं दिसतं आणि सासू बोलून दाखवते. सगळं ऐकून घेतल्यावर कात्री हातात. तोवर मी माझ्या खुर्चीतली दोन डोकी उरकलेली असायची.

आता हेडबाई. पलीकडच्या रस्त्यावरच्या मुलींच्या शाळेत त्या वीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊनही पंधरा वर्षं झाली, पण गल्ली त्यांना हेडबाईच म्हणते. या बाईने जन्मात कुणाला बरं वाटावं म्हणून खोटं सांगितलेलं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मी हौसेने नवऱ्याचा फोटो दाखवला, तर म्हणाल्या, "कान मोठे आहेत. पण ऐकून घेणारा दिसतो." दोन्ही खरं निघालं. तर अशा या हेडबाई महिन्यातून एका मंगळवारी अकरा वाजता ताईच्या खुर्चीत बसायच्या आणि सव्वाअकराला झोपायच्या. अगदी ठरलेलं. ताई त्यांच्या उजव्या हाताला उभी असायची, आणि बाईंची मान हळूहळू उजवीकडे कलत ताईच्या छातीला टेकायची. ताई त्यांना तसंच टेकू देऊन राहिलेले केस कापायची. "हेडबाईंची उशी आहे मी," असं ती गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायची.

त्या कुरळ्या वर्षात हेडबाई झोपेनाशा झाल्या. खुर्चीत ताठ बसायच्या, डोळे टक्क उघडे. एकदा त्यांनी वर्गात म्हणावं तसं खणखणीत आवाजात म्हटलं, "इथे काहीतरी कुजलंय."

वास मलाही येत होताच. गोडसर, जड, नकोसा. मी म्हटलं, बेसिनचा पाइप. आमच्या धंद्यात पाइप तुंबणं नेहमीचंच, केस अडकतात, साबण साचतो, मग वास. मी प्लंबरला बोलावलं. त्याने पाइपमधून हातभर लांब केसांचा दोर ओढून काढला. दोन दिवस मला बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी वास परत. पुन्हा प्लंबर. पाइप बदलला. पुन्हा वास. मी त्या बिचाऱ्याला काय काय बोलले! "शिकून आलायस का पाइपाशी खेळून आलायस?" आणि येता-जाता माझं तुणतुणं सुरूच, "शी! काय घाण वास मारतोय! किळस येते बाई इथे उभं राहायला!" ताई आरशात खाली बघून केस कापत राहायची. आणि गिऱ्हाईक उठलं की पुढचीला म्हणायची, "तुला कुरळे शोभतील गं."

प्लंबर तिसऱ्यांदा येऊन गेला. जाताना म्हणाला, "बाई, आता फक्त भिंत फोडायची राहिली आहे." मी म्हटलं, याच्या नादी लागण्यात अर्थ नाही, आपणच बघू. टॉर्च घेतला, गुडघ्यांवर बसले, बेसिनखाली डोकं घातलं आणि पाइपाला नाक लावून हुंगलं. साबणाचा वास! स्वच्छ, कोऱ्या पाइपाचा आणि साबणाचा. मी चक्रावून डोकं बाहेर काढलं, तर ताई माझ्या अंगावरून वाकून वरच्या फळीवरचा टॉवेल काढत होती. तिची डावी बाजू माझ्या नाकापासून वीतभर होती.

मी उठलेच नाही. तशीच गुडघ्यांवर बसून राहिले. ताईने टॉवेल घेतला, खाली माझ्याकडे पाहिलं, मग आरशाकडे तोंड केलं आणि आरशातल्या मला म्हणाली, "कळलं ना? जा, दाराला कडी लाव."

तिने दाखवलं ते सगळं मी सांगणार नाही. डाव्या छातीवर माझ्या मुठीएवढी उघडी जखम होती, वर फडक्याच्या चार घड्या, आणि चौथ्या घडीपर्यंत रक्त आलेलं. गाठ दोन वर्षांपूर्वी लागली होती. फुटली होती त्या कुरळ्या वर्षात. दोन वर्षं माझ्यापासून चार पावलांवर उभी राहून या बाईने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

"अगं, बोलायचं ना!" मी ओरडले. "घुमी कुठली! अक्कल गहाण टाकली होतीस का?"

"घाबरले होते," ती म्हणाली. "आधी वाटलं, जिरेल. मग वाटलं, आता सांगितलं तर सगळे ओरडतील. तू आत्ता ओरडतेयस तसं."

"आणि ते पर्मिंग?"

"त्याचं औषध उघडलं की दोन तास दुसरा कुठलाच वास येत नाही."

एकतीस बायका. आणि मी. मला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग आठवलं, की दोन महिने मी रोज तिच्या तोंडावर काय म्हणत होते. शी, घाण, किळस. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "ताई, मी तुला काय काय बोलले गं."

"मला कुठे?" ती म्हणाली. "तू प्लंबरला बोलत होतीस."

भाऊजींना सगळं माहीत होतं. माझा दुसरा स्फोट त्यांच्यावर झाला. रोज सकाळी तेच तिची पट्टी बदलत होते, हलक्या हाताने, गरम पाण्याने धुऊन. "मला शपथ घातली होती तिने," ते म्हणाले. "आणि खरं सांगू, वास वगैरे काही येत नाही हो." यात खोटं काही नव्हतं. भाऊजी रंगाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं होते. त्यांचं नाक तिथे कामाला लागलं ते घरी परत आलंच नाही. भाजी करपली तर त्यांना धूर बघून कळतं.

मग दवाखाना, तपासण्या, रांगा. आजार फुप्फुसात गेला होता, पाठीच्या एका मणक्यातही. गोळ्यांचे डॉक्टर, म्हणजे औषधांनी उपचार करणारे, भले गृहस्थ. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की हा आजार आता पूर्ण जाणार नाही, पण गोळ्यांनी आणि महिन्याच्या इंजेक्शनने दाबून ठेवता येईल. आणि दाबलाही. सहा महिन्यांनी फुप्फुसातले ठिपके होते तेवढेच होते, पाठ दुखायची थांबली, ताई दोन वेळा पोटभर जेवत होती. जखमेने मात्र दाद दिली नाही. वास मरावा म्हणून जखमेत गोळीची पूड टाकून झाली, वास शोषणारी कोळशाची पट्टी लावून झाली, रक्त थांबावं म्हणून रेडिएशन झालं. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

ताईने दुकानात येणं सोडलं. अंगात ताकद होती, हात स्थिर होते, पण येईना. घरी खिडकीजवळ खुर्ची टाकून बसायची, जेवायलाही सगळ्यांपासून लांब. कुणी भेटायला आलं तर आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. माझी मुलगी तिच्या गळ्यात पडायला गेली तर हात पुढे करून तिला थांबवलं. मी दुकानात एकटी. दाराजवळची खुर्ची रिकामी. गिऱ्हाईक विचारायचं, "ताई कधी येणार?" मी आरशातल्या रिकाम्या जागेकडे बघून सांगायची, "येईल." तिला आजाराने नाही, त्या वासाने माणसांतून उठवलं होतं.

तेव्हा गोळ्यांच्या डॉक्टरांनी सर्जनबाईंना बोलावलं. त्यांच्या खोलीत आम्ही पाचजण बसलो: दोन डॉक्टर, ताई, भाऊजी आणि मी. सर्जनबाई म्हणाल्या, "तो सगळा भाग काढून टाकता येईल. वर मांडीची त्वचा लावू."

"म्हणजे बरी होईल?" भाऊजींनी विचारलं.

"नाही. फुप्फुसातलं, मणक्यातलं तिथेच राहणार."

"पण हे काढल्यावर तरी?"

"नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. भाऊजींनी तिसऱ्यांदा विचारलं, त्यांनी तिसऱ्यांदा तितक्याच शांतपणे सांगितलं.

गोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "मला काळजी वाटते ती ही, की ऑपरेशनने आयुष्य वाढेल असं काही मी सांगू शकत नाही. उलट जखम भरली नाही, तर असलेल्या दिवसांतला महिना-दीड महिना वेदनेत जाईल."

झालं! मी उसळलेच. "मग कशाला कापायचं? बरंच व्हायचं नसेल, तर तिला टेबलावर घालून उगाच सुरी कशाला चालवायची? हौस आहे का?" आवाज बाहेर रांगेत गेला असणार, कारण बाहेरचं बोलणं एकदम थांबलं.

सर्जनबाईंनी आपली खुर्ची ताईजवळ ओढली आणि म्हणाल्या, "तुम्हाला काय हवंय? बरं होणं सोडून सांगा."

ताई चमकलीच. तीस वर्षं हा प्रश्न तिने लोकांना विचारला होता, तिला कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, "डॉक्टर, माझं काम माणसाच्या कानाजवळ उभं राहायचं आहे. एवढ्या अंतरावर." तिने वीत दाखवली. "मी तिथे उभी राहिले की माणसाने श्वास रोखून धरू नये. मला परत तिथे उभं राहायचंय. जेवढे दिवस असतील तेवढे. होईल?"

"बहुतेक होईल," सर्जनबाई म्हणाल्या. "वास जाईल, रक्त थांबेल, रोजच्या पट्ट्या सुटतील. पण लावलेली त्वचा एखाद्या कोपऱ्यात धरणार नाही, वेळ लागेल. आणि तो आजार पुढेमागे त्याच जागी परत डोकं वर काढू शकतो. काढणारच नाही, असं वचन मी देणार नाही."

मी तोंड उघडलं. ताईने मान वळवली. माझ्याकडे नाही. त्या खोलीत हात धुवायच्या बेसिनवर एक लहानसा आरसा होता, तिने तो शोधून काढला आणि त्यातून माझ्याकडे बघितलं.

"छोटे," ती म्हणाली, "तीस वर्षं आपण काय करतोय गं? आपण कापलेले केस परत वाढतातच ना? मग वाढणार म्हणून कुणी कापायचं सोडलंय का?"

गोळ्यांचे डॉक्टर मोठ्याने हसले, आणि त्यांच्या डोक्यावर तर एक केस नव्हता.

"पण डॉक्टर," ताई सर्जनबाईंना म्हणाली, "रागावू नका, तुमचे केस कोणी कापलेत?"

"मीच. घाईत."

"ते दिसतंय. असं करू. माझं तुम्ही नीट कापा, मग तुमचं मी नीट करते."

ऑपरेशन अडीच तास चाललं. भाऊजी बाकावर बसून एकच वर्तमानपत्र अडीच तास वाचत होते आणि मी बाहेरच्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालून एका वॉर्डबॉयशी, एका लिफ्टशी आणि चहाच्या मशीनशी भांडले. ताई शुद्धीवर आली तेव्हा माझ्याकडे बघून पहिलं वाक्य काय बोलली असेल? "हेडबाईंची उशी गेली गं." आणि हसली. हसल्यावर दुखलं म्हणून मला शिव्या दिल्या.

पाचव्या दिवशी पट्टी उघडली. मांडीची त्वचा छान धरली होती, फक्त काखेकडचा एक कोपरा रुसलेला. त्या कोपऱ्याने चार आठवडे घेतले. कापलेल्या जागेपेक्षा मांडीच जास्त दुखली, असं ती सांगते. पाचव्या आठवड्यात तोही कोपरा भरला. डाव्या बाजूला आता सपाट, गुलाबी, शिवणीची कड असलेली जागा होती. कोरडी. मी नाक लावून बघितलं, सांगायला लाज कसली. काही नाही. साबण आणि ताई.

मी म्हटलं, "चल दुकानात."

ती येईना!

"वास नाहीये गं," मी म्हटलं.

"तू तर म्हणणारच. तू माझी बहीण आहेस."

"दोन महिने मीच शी-शी करत होते ना? तेव्हा बरी लाज नव्हती मला!"

"तेव्हा तुला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आता तू खोटं बोलशील."

"खरंच नाही येत," भाऊजी म्हणाले. ताईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

दोन आठवडे हेच. अडीच तास टेबलावर झोपली, मांडी सोलून घेतली, सगळं ज्यासाठी केलं ते दारात येऊन थांबलेलं, आणि ही बाई पुन्हा खिडकीत! सर्जनबाईंचं तिला पटेना, त्यांनी स्वतःच्या कामाची बढाई मारली असेल म्हणे. एके दिवशी माझा संयम संपला. तसा तो रोजच संपतो, पण त्या दिवशी मी ओरडलेसुद्धा नाही. खाली बसले आणि म्हटलं, "मग कुणाचं पटेल तुला? सांग, त्याला आणते."

तिने खिडकीकडून मान फिरवली. मग म्हणाली, "हेडबाईंची वेळ कधी आहे?"

हेडबाईंची अवस्था बघण्यासारखी होती. त्यांना मी आठ महिने सांगत होते, की मी कापते, तर म्हणायच्या, "तू घाई करतेस. मी थांबते." वरून निम्मे सरळ पांढरे केस वाढलेले आणि खाली ताईने केलेले निम्मे कुरळे. तशाच त्या बाजारात फिरत होत्या, ताठ मानेने. त्यांना निरोप दिला, मंगळवारी अकरा.

आता या गोष्टीला सव्वा वर्ष होईल. मधेच सांगून टाकते, कारण काहींना तेवढंच ऐकायचं असतं. ताई आहे. आठवड्यातून तीन दिवस दुकानात येते, दुपारी तासभर आडवी पडते. फुप्फुसातले ठिपके गेल्या वेळी जरा मोठे दिसले, गोळी बदलली. पुढचं डॉक्टरांना माहीत नाही आणि मी विचारायचं सोडलंय. सर्जनबाई दीड महिन्यातून एकदा येतात आणि त्यांची मान आता माणसाची मान दिसते. गल्लीतल्या सगळ्या कुरळ्या डोक्यांची ताईने एकेक करून सुटका केली. कॅशियर तेवढी ऐकेना. तिला ते आवडायला लागलंय.

पण मला सांगायचाय तो मंगळवार.

ताई साडेदहालाच आली. एप्रन बांधला, कात्री पुसली, पुन्हा पुसली. मी खिडकी उघडायला गेले तर म्हणाली, "बंद कर." मी पंखा लावला, तर म्हणाली, "तोही बंद." रंगाच्या, शाम्पूच्या, स्प्रेच्या सगळ्या बाटल्या तिने झाकणं घट्ट पिळून कपाटात ठेवायला लावल्या. पर्मिंगच्या औषधाची उरलेली बाटली तर मी आधीच फेकली होती. खोलीत लपायला काही ठेवलं नाही तिने. हेडबाईंच्या तोंडून काय निघेल याचा नेम नाही, आणि जे निघेल ते ताई शेवटचं धरणार, हे मला माहीत होतं.

अकराला हेडबाई आल्या. कशी आहेस वगैरे काही नाही. खुर्चीत बसल्या, आरशात ताईकडे बघून म्हणाल्या, "वाळलीस. खातेस की नाही?"

"खाते बाई."

"मग कर सुरुवात. हे कुरळं आधी काढून टाक. तुझ्या हातून झालेलं सगळ्यांत वाईट काम आहे हे."

ताईने कापड गुंडाळलं, पाणी फवारलं आणि कापायला लागली. पण हात लांब करून, अख्खं अंग मागे ठेवून. अशाने कात्री धड चालत नाही. कुरळी टोकं कापडावर पडत होती. हेडबाई त्यांच्या शेजारणीच्या नव्या कुत्र्याबद्दल काहीतरी सांगत होत्या. माझ्या खुर्चीत कुणी नव्हतं, मी उगाच एकच कंगवा धूत उभी. कानामागचे केस आले. तिथे लांबून कापता येत नाही. ताई एक पाऊल पुढे झाली, थांबली, आणखी एक पाऊल. आता ती वीतभर अंतरावर होती. हेडबाईंचं बोलणं थांबलं.

मी कंगवा धुवायची थांबले. ताईची कात्री हवेत. आरशात हेडबाईंनी एक लांब श्वास घेतला, अगदी छाती भरून. आता म्हणतील. आता काहीतरी म्हणतील.

त्यांचे डोळे मिटले. हनुवटी खाली आली. आणि मान हळूहळू, नेहमीसारखी, उजवीकडे कलत गेली आणि ताईच्या डाव्या बाजूला, त्या सपाट जागेवर टेकली.

ताई हलली नाही. तिने कात्री सावकाश कापडावर ठेवली आणि एक हात हेडबाईंच्या डोक्याला आधाराला लावला. हेडबाई घोरायला लागल्या. आरशात ताईने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती हसत होती, आणि मी तर हमसून हमसून रडत होते, तोंडावर टॉवेल दाबून, कारण आवाज करायची सोय नव्हती. दारात औषधांच्या दुकानातली थोरली जाऊ आली, ताईने तोंडावर बोट ठेवलं. ती पाय न वाजवता आत येऊन बाकावर बसली. वीस मिनिटं त्या खोलीत कुणी काही बोललं नाही.

मग हेडबाई दचकून उठल्या. आरशात स्वतःकडे बघितलं. एक बाजू सरळ, एक बाजू कुरळी.

"झालं का?"

"अर्धं झालंय, बाई."

"अर्धं? इतका वेळ काय करत होतीस?"

"तुम्ही झोपला होतात."

"हं," हेडबाई म्हणाल्या आणि कापड सारखं करून बसल्या. "दीड वर्ष झालं, इथे डोळा लागला नव्हता माझा. चल, उरलेलं काप आता."

ताईने कात्री उचलली आणि त्यांच्या कानाला अगदी लागून उभी राहिली.